वहीचे दोन रकाने

दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत भाषांतराला पाच गुण असतात. काही शब्द, दोन वाक्यं आणि एखादी म्हण किंवा वाक्प्रचार इंग्रजीतून आपल्या माध्यमाच्या भाषेत, म्हणजे मराठीत, उतरवायचा. शहापूर-मुरबाडकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना हे फारसं अवघड जात नाही. अडतं ते उलट्या दिशेला. मनात मराठीत तयार असलेलं साधं वाक्य इंग्रजीत लिहायचं म्हटलं की पेन थांबतं. पुढे कॉलेजात, मुरबाडच्या एमआयडीसीतल्या नोकरीच्या अर्जात किंवा कार्यालयाला पाठवायच्या ईमेलमध्ये नेमकी हीच दिशा लागते, आणि शाळेत तिचाच सराव सर्वांत कमी झालेला असतो.

चीनमधल्या विद्यार्थ्यांची परीक्षा या बाबतीत आपल्या बरोबर उलटी आहे. तिथे विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांसाठी १९८७ पासून कॉलेज इंग्लिश टेस्ट घेतली जाते. डिसेंबर २०१३ पासून तिच्यात एक आख्खा चिनी उतारा इंग्रजीत करायला सांगतात आणि त्याला १५ टक्के गुण असतात. उताऱ्याचे विषय बहुतेक चीनचेच असतात: सण, चहा, नद्या, गावं, रेल्वे. म्हणजे ज्या गोष्टी त्या मुलाला लहानपणापासून ठाऊक आहेत, त्याच परक्या भाषेत सांगायच्या. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. आपल्या मुलांनी लंडनच्या पावसावर निबंध पाठ करण्याऐवजी माळशेज घाटातल्या पावसावर चार वाक्यं स्वतः लिहावीत, त्यात इंग्रजी जास्त शिकून होतं. परीक्षा ते विचारत नसेल, तर घरी करावं. कसं करायचं, ते आता टप्प्याटप्प्याने पाहू.

दोनशे पानी वही घ्यायची आणि प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. ही मांडणी आपल्याकडे जुनीच आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं, तेव्हा त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर असाच शेजारी-शेजारी छापलेला असे. एक डोळा इकडे, एक तिकडे ठेवून वाचणाऱ्याला दोन्ही भाषांची घडण आपोआप दिसते. (या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. वहीत ती रोमन लिपीतच लिहायची. इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरी उच्चार लिहून ठेवायची सवय पाचवी-सहावीपर्यंत ठीक आहे. नंतर डोळा तेवढाच वाचतो आणि स्पेलिंग मनात बसतच नाही.)

पहिला उतारा शोधायला कुठे जावं लागत नाही, तो दप्तरातच असतो. बालभारतीच्या मराठीच्या पुस्तकात सुरुवातीला प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका मराठीत असते, इंग्रजीच्या पुस्तकात तीच दोन्ही इंग्रजीत असतात. प्रतिज्ञा दोन्ही भाषांत बहुतेकांना तोंडपाठ असते, पण दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवून कुणी पाहिलेले नसतात. मुळात ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. म्हणजे आपण रोज म्हणतो ती मराठी प्रतिज्ञा हेसुद्धा भाषांतरच. दोन्ही रकान्यांत ती उतरवून घ्या आणि प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ ओढा. मराठीत रेघ वाक्याच्या टोकाला येईल, इंग्रजीत कर्त्याला चिकटून. मराठी बोलणाऱ्याला इंग्रजी वाचताना होणारा निम्मा त्रास या एका फरकातून येतो. आपण क्रियापदाची वाट पाहत शेवटपर्यंत जातो आणि इंग्रजीत ते केव्हाच येऊन गेलेलं असतं. उद्देशिका मात्र लगेच घेऊ नका. ती एकच लांबलचक वाक्य आहे आणि कर्ता-क्रियापदामध्ये बरंच काही भरलेलं आहे. तिला दोनेक महिन्यांनी हात घालावा.

वाचनाचा सरावही याच रेघेवर चालतो. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. आपल्या इयत्तेच्या दोन पायऱ्या खालचं इंग्रजीचं पुस्तक निवडा. अकरावीच्या मुलीने नववीचं पुस्तक वाचण्यात कमीपणा काहीच नाही, कारण दर ओळीला पाच शब्द अडले तर ते वाचन राहत नाही, शब्दांची शोधाशोध होते. उतारा आधी न थांबता पूर्ण वाचायचा. दुसऱ्यांदा वाचताना क्रियापदं खुणावून ‘कोणी काय केलं’ एवढंच सांगायचं. तिसऱ्या वाचनात, ज्याच्यावाचून अर्थच लागत नाही असे चार-पाच शब्द शब्दकोशात पाहायचे, बाकीचे सोडून द्यायचे. मग पुस्तक मिटून तो मजकूर घरातल्या कुणाला तरी मराठीत सांगायचा. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली, आणि साठी ओलांडलेल्या बायका पाटी घेऊन अक्षरं गिरवू लागल्या. अशा आजीला इंग्रजी धडा मराठीत सांगून पाहावा. ती मध्येच ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारते, आणि धडा आपल्याला कुठे कळलेला नाही ते त्याच जागी उघड होतं.

आता लिहिण्याकडे येऊ. इथे जरा जास्त वेळ थांबायला हवं, कारण खरं काम इथेच आहे. डाव्या रकान्यात स्वतःच्या गावाबद्दल पाच वाक्यं लिहा. उदाहरणार्थ:

भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. या धरणाचं पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर टँकर येतो. टँकर आला की बायका हंडे घेऊन धावतात. मागच्या वर्षी आमची विहीर एप्रिलमध्येच आटली.

पहिलं वाक्य सरळ आहे: ‘द भातसा डॅम इज इन शहापूर तालुका.’ दुसऱ्या वाक्यात मुलं ‘धिस डॅम वॉटर’ किंवा ‘वॉटर ऑफ धिस डॅम’ लिहितात. आपला ‘चा-ची-चे’ सगळी नाती एकटा सांभाळतो: शेताचा मालक, सोन्याची अंगठी, धरणाचं पाणी. इंग्रजी मात्र नातं कोणतं आहे ते विचारते. पाणी धरणातून निघून जातं, म्हणून ‘वॉटर फ्रॉम धिस डॅम गोज टू मुंबई.’ प्रत्येक ‘चा-ची-चे’पाशी थांबून स्वतःला विचारावं: हे मालकीचं आहे, घडणीचं आहे, की कुठून आल्याचं?

तिसऱ्या वाक्यात ‘अ’ आणि ‘द’ची अडचण येते. मराठीत असे शब्द नाहीत. चिनीतही नाहीत, त्यामुळे बीजिंगचा मुलगा आणि आपल्याकडच्या किन्हवलीचा मुलगा इथे सारखेच अडखळतात. ऐकणाऱ्याला ती वस्तू आधीपासून माहीत आहे का, एवढंच पाहायचं. टँकरचा उल्लेख पहिल्यांदा होतोय, म्हणून ‘इन समर अ टँकर कम्स टू अवर पाडा’. पुढच्या वाक्यात तोच टँकर पुन्हा आला की ‘द टँकर’. सगळे अपवाद या एका प्रश्नाने सुटत नाहीत, पण रोजच्या बहुतेक वाक्यांना तो पुरतो. ‘पाड्यावर’मधला ‘वर’ बघून ‘ऑन’ लिहू नये. जिथे पोहोचायचं तिथे ‘टू’. आणि ‘पाडा’ हा शब्द तसाच ठेवावा. पहिल्यांदा येईल तेव्हा स्वल्पविराम देऊन पुढे ‘अ स्मॉल क्लस्टर ऑफ हाउसेस’ एवढं जोडलं की परक्या वाचकालाही चित्र दिसतं.

चौथं वाक्य फसवं आहे. ‘टँकर आला की’ मधला ‘आला’ दिसतो भूतकाळाचा, पण सांगतो रोजची रीत. मुलं लगेच ‘केम’ लिहितात आणि वाक्य मोडतं. इंग्रजीत दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ लागतो: ‘व्हेन द टँकर कम्स, द विमेन रन विथ देअर पॉट्स.’ ‘पाऊस पडला की’, ‘शाळा सुटली की’, ‘दिवे गेले की’ अशी दहा वाक्यं एकाच बैठकीत केली, तर ही चूक कायमची जाते. चिनी मुलांची इथली अडचण निराळी असते. त्यांच्या भाषेत काळाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलत नाही, त्यामुळे ‘कम’चं ‘केम’ होतं हीच सवय त्यांना नव्याने लावावी लागते. उलट कर्ता-क्रियापद-कर्म हा इंग्रजीचा क्रम त्यांच्या ओळखीचा असतो आणि आपल्याला परका. दुसऱ्या भाषेच्या मुलांसाठी केलेलं सरावाचं पुस्तक आपल्याला जसंच्या तसं पुरत नाही, त्याचं कारण हेच.

पाचव्या वाक्यात जीव त्या ‘च’मध्ये आहे. एप्रिलमध्येच, म्हणजे इतक्या लवकर. आपल्याकडे त्याला ‘इन एप्रिल इटसेल्फ’ म्हणायची पद्धत पडली आहे. ‘अवर वेल ड्राइड अप ॲज अर्ली ॲज एप्रिल’ हे अधिक स्वच्छ. मराठीतला ‘च’ कधी ‘फक्त’ म्हणतो, कधी ‘नक्की’, कधी ‘इतक्या लवकर’. तो कशासाठी आला आहे ते ओळखून मगच इंग्रजी शब्द निवडायचा.

इतकं झाल्यावर उजवा रकाना भरतो, पण तो बरोबर आहे की नाही हे कोण सांगणार? पाड्यावर इंग्रजी तपासून देणारं माणूस मिळणं सोपं नाही. त्यावर सोळाव्या शतकातला एक उपाय आजही चालतो. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथला ती राजकन्या असताना शिकवणारे रॉजर ॲस्कम यांचं ‘द स्कूलमास्टर’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १५७० मध्ये छापलं गेलं. त्यात त्यांनी लॅटिन शिकण्याची रीत सांगितली आहे: सिसरो या रोमन लेखकाचं लॅटिन पत्र विद्यार्थ्याने इंग्रजीत करायचं, किमान तासभर थांबायचं, मग मूळ पत्र न पाहता आपल्या इंग्रजीवरून पुन्हा लॅटिन लिहायचं आणि ते सिसरोच्या मजकुराशी ताडून पाहायचं. आपण हेच पाठ्यपुस्तकावर करू शकतो. इंग्रजी पुस्तकातल्या पाच-सहा ओळी डाव्या रकान्यात मराठीत करा. पुस्तक बंद करा. दुसऱ्या दिवशी फक्त मराठी रकाना पाहून उजवीकडे इंग्रजी लिहा. मग पुस्तक उघडून लाल पेनने फरक खुणवा. चूक दाखवायला मूळ लेखकच समोर असतो, शिक्षक हजर नसले तरी काम अडत नाही. मध्ये एक रात्र जाऊ देणं महत्त्वाचं आहे, नाहीतर नुसतं पाठांतर कागदावर येतं. प्रत्येक फरक म्हणजे चूकच असं नाही. पण ‘अ’, ‘द’, ‘टू’, ‘फ्रॉम’ आणि क्रियापदाची रूपं जिथे वेगळी निघाली, ती वाक्यं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावीत. महिन्याभराने ते पान वाचलं की आपण कुठे अडतो ते स्वच्छ दिसतं.

मोबाइलचं भाषांतर कधी वापरावं? स्वतःचं वाक्य लिहून झाल्यावर. आधी पाहिलं तर डोकं काम करायचं थांबवतं. नंतर पाहिलं तर ते ताडून पाहायला उपयोगी पडतं, पण ते चुकतंही, विशेषतः आपल्याकडच्या बोलीतल्या शब्दांवर. अशा शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडावा. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. शेतीचे, भांड्यांचे, पावसाचे किती तरी शब्द त्यात आहेत. त्याची इंग्रजी जुनी आहे, म्हणून तिथे सापडलेला शब्द आजच्या इंग्रजी कोशात पडताळून घ्यावा.

एका गोष्टीकडे शिक्षकांनी आणि पालकांनी जरूर लक्ष द्यावं. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत कातकरी, ठाकर, महादेव कोळी समाजाची खूप मुलं आहेत. आश्रमशाळेत आलेल्या कातकरी मुलीच्या घरची भाषा कातकरी असते. पुस्तकी मराठी तिने शाळेत येऊन शिकलेली असते आणि इंग्रजी त्यानंतर आलेली. तिच्या वहीत दोन रेघा मारून तीन रकाने करावेत आणि पहिल्या रकान्यात घरची भाषा देवनागरीत लिहायला सांगावं. दोन भाषांमधून वाट काढायची सवय तिला आधीपासून आहे. ती ओळखून तिचं कौतुक झालं, तर तिसरी भाषा तिला इतरांइतकी परकी वाटणार नाही. तिच्या शब्दांना ‘अशुद्ध’ म्हटलं, तर ती तिन्ही भाषांत गप्प होईल.

टँकरचा उतारा जमला की पुढचा उतारा भातशेतीचा घ्या. उन्हाळ्यात राब कसा भाजतात, पहिल्या पावसानंतर त्यावर पेरणी कशी होते, रोपं मोठी झाली की आवणी कशी करतात, हे क्रमाने आठ वाक्यांत लिहा. इंग्रजीत करताना ‘फर्स्ट’, ‘देन’, ‘आफ्टर दॅट’ हे जोडशब्द लागतील आणि ‘द लीव्ह्ज आर बर्न्ट’ अशी कर्मणी रचना लागेल, कारण इथे कोणी भाजलं याला महत्त्व नाही, काय भाजलं याला आहे. ‘राब’ला इंग्रजीत एक शब्द शोधत बसू नका. शब्द तसाच ठेवा आणि पुढच्या वाक्यात पालापाचोळा, शेण, माती आणि आग यांचं काय होतं ते सांगा.