तळ्याचं पाणी हिरवं झालंय? तरंगतं बेट बनवा

पाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं. ते मेलं की कुजताना ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. तेच खाद्य कर्दळीला किंवा वाळ्याला द्यायचं, एवढाच या बेटाचा खेळ.

110 मिमी पीव्हीसी पाइपचा 1 मीटर बाजूचा चौकोन करा. जोड सॉल्व्हंट सिमेंटने पक्के चिकटवा. आत पाणी शिरलं की बेट बुडालंच. पूर्ण बुडालेला 1 मीटर पाइप साधारण 9.5 लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे चौकोन स्वतःच्या वजनासकट 38 किलो तोलतो. रोपं वाढणार, म्हणून सुरुवातीला निम्म्याहून कमीच भार ठेवा.

चौकोनावर जाळी, त्यात काथ्या आणि रोपं. माती नको, मुळं थेट पाण्यात लोंबू द्या. दोरी सैल बांधा, पावसाळ्यात पातळी चढते.

वाढलेली पानं कापून तळ्याबाहेर टाकाच. पाण्यात कुजली तर शेवाळाचं खाद्य परत आत! आणि जलपर्णी फुकट मिळाली तरी लावू नका.