फाइलचे नाव आणि तिचा मार्ग : येरमाळ्याच्या पत्त्याच्या आधारे एक विवेचन

टपालाच्या पाकिटावर ‘मु. पो. येरमाळा, ता. कळंब, जि. धाराशिव’ असे लिहिण्यात येते. वाक्यात मात्र ‘धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यातील येरमाळा’ असा क्रम येतो. पहिल्या रचनेत लहान घटकाकडून मोठ्याकडे, तर दुसरीत मोठ्याकडून लहानाकडे जावे लागते. संगणकातील फाइलचा मार्ग हा दुसऱ्या रचनेचा होय. उदाहरणार्थ : ‘/महाराष्ट्र/धाराशिव/कळंब/येरमाळा’.

या मार्गातील अखेरच्या तिरप्या रेघेपुढील भाग म्हणजे फाइलचे नाव. तिच्या मागील भाग म्हणजे डिरेक्टरीचा मार्ग. युनिक्स प्रणालीत हे भाग निराळे करण्यासाठी अनुक्रमे ‘बेसनेम’ व ‘डिरनेम’ या आज्ञा आहेत.

नियम सोपा असला, तरी त्यास अडचणी आहेत. ‘/महाराष्ट्र/धाराशिव/कळंब/’ असा रेघेने संपणारा मार्ग दिल्यास युनिक्सची आज्ञा ‘कळंब’ हे उत्तर देते. पायथन भाषेतील त्याच नावाचे फलन मात्र रिकामे नाव परत करते. दुसरी अडचण चिन्हाची. १९८३ च्या एमएस-डॉस २.० मध्ये डिरेक्टऱ्या आल्या, तेव्हा ‘/’ हे चिन्ह आज्ञांच्या पर्यायांसाठी आधीच योजिलेले होते. म्हणून उलटी रेघ स्वीकारण्यात आली व ती विंडोजमध्ये टिकली. युनिक्समध्ये उलटी रेघ हे नावातीलच एक अक्षर ठरत असल्याने तेथे विंडोजचा संपूर्ण मार्ग एकच नाव समजला जातो. यास्तव रेघ स्वतः शोधण्यापेक्षा भाषेने पुरविलेली, त्या त्या प्रणालीस अनुरूप फलने वापरणे श्रेयस्कर.

देवनागरी नावांविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. यूटीएफ-८ संकेतनात ‘येरमाळा’ या शब्दाची सात चिन्हे एकवीस बाइट व्यापतात. त्यांपैकी एकही बाइट तिरप्या रेघेच्या बाइटाशी जुळत नाही.

अर्थाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. कळंब हा तालुका यवतमाळ जिल्ह्यातही आहे. केवळ अखेरचे नाव काढून नोंदी एकत्र केल्यास दोन भिन्न तालुक्यांची माहिती मिसळेल. उलटपक्षी, २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तेव्हा येरमाळा हे नाव तसेच राहिले. बदलला तो मार्ग. संपूर्ण जुना मार्ग ठिकठिकाणी लिहून ठेवणारी आज्ञावली डिरेक्टरीचे नाव बदलताच निरुपयोगी ठरेल; घटक निराळे ठेवणारीस एकाच ठिकाणी दुरुस्ती पुरेल. सारांश, नाव ओळख देते व मार्ग त्या ओळखीतील संदिग्धता दूर करतो. म्हणून विच्छेद करताना दोन्ही भाग जपावेत.