‘मान्य आहे’वर क्लिक केलं, मग आपण बांधले गेलो का?

नवं ॲप उघडलं की लांबलचक अटी येतात. आपण त्या न वाचताच ‘मान्य आहे’वर बोट ठेवतो. पुढे पैशांवरून वाद झाला की कंपनी म्हणते, ‘अटी तुम्हीच मान्य केल्या होत्या.’ हे ऐकून बरेच जण हक्काचे पैसे सोडून देतात. ते सोडायला हवेत का, एवढंच आज पाहू.

आधी कंपनीची बाजू. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला आणि मुक्त संमती असली की करार होतो. दरवेळी कागद आणि सही लागतेच असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं, की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निरर्थक ठरत नाही. त्यामुळे ‘मी वाचलंच नव्हतं’ हा बचाव सहसा चालत नाही. न वाचता केलेली सही आपलीच असते ना, तसंच हे.

पण अटी डोळ्यांसमोर तर यायला हव्यात! अमेरिकेत नेटस्केप कंपनीच्या खटल्यात २००२ साली हाच प्रश्न आला. डाउनलोडचं बटण वर होतं आणि अटींचा उल्लेख पान खाली सरकवल्यावरच दिसायचा. अशा क्लिकला अटींची संमती म्हणता येणार नाही, असं तिथल्या न्यायालयाने ठरवलं. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण संमतीचा मुद्दा आपल्या कायद्यातही तितकाच मूलभूत आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. करार झाला म्हणजे त्यातली प्रत्येक अट टिकली, असं नाही. ‘न्यायालयात जाताच येणार नाही’ अशी सरसकट बंदी कलम २८ खाली रद्दबातल ठरते. लवादाची अट चालते. पण ती असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात स्पष्ट केलं. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करारा’ची व्याख्याच आहे. नुकसानाच्या मानाने अवाच्या सवा दंड, किंवा योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याचा कंपनीचा अधिकार, हे त्यात बसतं.

मग करायचं काय? व्यवहाराच्या दिवशीच्या अटींचा स्क्रीनशॉट, पावती आणि ईमेल जपून ठेवा, कारण अटी नंतर बदलतात. सदोष सेवेची तक्रार साधारणपणे जिल्हा आयोगाकडे जाते. करारच अन्याय्य आहे असं म्हणणं असेल, तर राज्य आयोगाकडे. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, तुम्ही राहता तिथे तक्रार करायची सोय याच कायद्याने दिली आहे.

थोडक्यात, क्लिक बांधतं, पण कायद्याच्या चौकटीतच. पुढच्या वेळी कंपनीने ‘तुम्हीच मान्य केलंय’ म्हटलं, तर एवढंच विचारा: ‘कुठली अट, आणि ती कायद्यात बसते का?’