चेन नेमकी कुठे घसरते? वन-बाय माउंटन बाइकचं निदान

‘चेन घसरतेय’ हे वाक्य कॅम्पसवर वरचेवर कानावर येतं आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा निघतो. कुणाची चेन पुढच्या चेनरिंगवरून उतरून खाली लोंबते. कुणाची मागच्या कॅसेटवर एका दातावरून दुसऱ्या दातावर उडी मारते. कुणाची चेन जागच्या जागी असते, पण पेडल अचानक हवेत मारल्यासारखं पुढे जातं. आणि कुणाचा गिअर न सांगता बदलतो. बिघाड चार, वाक्य एकच. हेच वाक्य दुकानात जाऊन म्हटलं की बहुतेक वेळा आधी केबल आवळली जाते, कारण ते सगळ्यात सोपं काम.

संशोधन-पद्धतीच्या पुस्तकांत ‘समस्येची व्याख्या’ नावाचं एक प्रकरण असतं आणि आपण सगळे ते परीक्षेपुरतं वाचतो. ते का असतं, हे पटवायला मला सायकलच्या चेनइतकं स्वस्त उदाहरण सापडलेलं नाही. अर्थात, स्वस्त म्हणजे नीट निदान केलं तर. १२ गिअरची कॅसेट विनाकारण बदलायची तर फेलोशिपचा मोठा तुकडा जातो. शिवाय चढावर उभं राहून पेडल मारताना चेन सटकली, तर गुडघा थेट हँडलबारवर आपटतो.

‘वन-बाय’ म्हणजे पुढे एकच चेनरिंग आणि मागे ११ किंवा १२ दातेरी चक्रं. २०१२ मध्ये स्रॅमच्या एक्सएक्स१ या गिअरसंचानंतर माउंटन बाइकवर ही रचना झपाट्याने पसरली. पुढचा डिरेल्युअर गेला आणि त्याच्यासोबत चेनला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा पिंजराही गेला. मग चेन पडू नये म्हणून दोन गोष्टी आल्या. एक, चेनरिंगचे दात आलटून-पालटून जाड आणि बारीक, कारण चेनच्या कड्याही एक रुंद, एक अरुंद अशा असतात (म्हणूनच अशा चेनरिंगच्या दातांची संख्या नेहमी सम असते). दुसरी, मागच्या डिरेल्युअरमध्ये क्लच, जो खडबडीत रस्त्यावर चेनला सैल पडू देत नाही.

चेन पुढून पडत असेल तर याच दोन ठिकाणी बघायचं. काही डिरेल्युअरवर क्लच बंद-चालू करायची छोटी कळ असते. चाक काढताना ती बंद केलेली असते आणि नंतर तशीच राहते. जाड दात अरुंद कडीत बसवून चेन चढवली असेल तर ती दातांवर नीट टेकतच नाही, वर उचलल्यासारखी दिसते. एक दात सरकवून पुन्हा चढवायची. दात झिजून जाड-बारीक हा फरकच उरला नसेल तर मात्र चेनरिंग बदलण्याला पर्याय नाही. पुढचा भाग एवढाच. खरी गुंतागुंत मागे आहे.

आधी थोडं गणित. ६५ किलोचा माणूस आडव्या पेडलवर पूर्ण उभा राहिला तर पेडलवर साधारण ६४० न्यूटन बल पडतं. क्रँक १७० मिमी लांब, म्हणजे टॉर्क सुमारे १०८ न्यूटन-मीटर. ३२ दातांच्या चेनरिंगची त्रिज्या साधारण ६५ मिमी. भागाकार केला की चेनमधला ताण १६७० न्यूटनच्या आसपास येतो, म्हणजे जवळपास १७० किलो वजन टांगल्यासारखा. जुन्या तीन-चेनरिंगवाल्या सायकलच्या ४४ दातांच्या चेनरिंगवर हाच माणूस उभा राहिला तर ताण १२०० न्यूटनच्या जवळ राहतो. चेनरिंग लहान तेवढा चेनवर ताण जास्त.

आता या सूत्रात मागच्या चक्राचे दात कुठेच आलेले नाहीत, हे बघा. पेडलवरचं बल तेच असेल तर मागे कुठलाही गिअर असो, चेनचा ताण तोच राहतो. बदलतं ते एवढंच, की तो ताण किती दातांनी पेलायचा. चेन मागच्या चक्राला साधारण अर्धा वेढा घालते. १० दातांच्या चक्रावर पाचेक दात पकडीत असतात, ५० दातांच्या चक्रावर पंचवीसेक. भार त्या दातांवर सारखा वाटला जात नाही, पण कल्पना आली असेल. त्यामुळे ‘छोट्या चक्रांवर घसरते, मोठ्यावर नाही’ एवढ्यावरून छोटी चक्रं झिजली आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही. तिथे मुळातच पकड कमी आहे.

चेन घसरते की फ्रीहब, हे ठरवायला दुकानाची गरज नाही. कॅसेटच्या मोठ्या चक्रावर आणि चाकाच्या एका आऱ्यावर समोरासमोर खडूने खूण करा. सायकलच्या शेजारी उभं राहून मागचा ब्रेक घट्ट दाबा, पेडल आडवं ठेवा आणि पायाने जोरात दाबा. पायात बूट हवेत आणि बोटं चेनपासून लांब. पेडल सटकलं आणि दोन्ही खुणा जागच्या जागी असतील, तर चेन दातावरून उडाली. कॅसेटवरची खूण पुढे गेली आणि आऱ्यावरची तिथेच राहिली, तर फ्रीहब घसरला. म्हणजे आतले खटके दातात अडकत नाहीयेत: झिजलेत, त्यांची स्प्रिंग गेलीय, किंवा चिखल नाहीतर जाडसर ग्रीस बसून ते चिकटलेत. फ्रीहब घसरत असेल तर त्या दिवशी सायकल चालवूच नका. चेनची उडी बहुतेक वेळा एका दाताची असते. ३२ दातांच्या चेनरिंगवर तेव्हा पेडल सव्वाअकरा अंश, म्हणजे जेमतेम ३.३ सेंटिमीटर खाली जातं. फ्रीहब सुटला तर पुन्हा कधी पकडेल याचा भरवसा नसतो.

ही चाचणी एकदा करून ‘काही नाही झालं’ म्हणायचं नाही. एका वेळी तुम्ही फक्त काही दात आणि खटक्यांची एकच स्थिती तपासलेली असते. चाक थोडं फिरवून पुन्हा, गिअर बदलून पुन्हा. सॅम्पल साइज म्हणतात ते हेच.

यानंतरचा पुरावा मला सगळ्यात जास्त आवडतो: घसरण्याची लय. सपाट रस्त्यावर सावकाश पेडल मारा आणि किती फेऱ्यांनी झटका बसतो ते मोजा. चेनमध्ये ११६ कड्या आणि चेनरिंगला ३२ दात असतील, तर चेनची एक पूर्ण फेरी व्हायला पेडलच्या ३.६ फेऱ्या लागतात. झटका या हिशेबाने येत असेल तर दोष चेनच्याच एका जागी आहे, बहुतेक वेळा ताठ झालेल्या कडीत किंवा नीट न बसलेल्या जोडात. पेडल हळू उलटं फिरवलं की ती कडी डिरेल्युअरच्या छोट्या चाकावरून जाताना उसळलेली दिसते. पेडलच्या दर फेरीला एकदा, ठरावीक जागीच झटका बसला तर चेनरिंगचा एखादा दात वाकलाय. मागे १६ दातांचं चक्र असताना एका फेरीत दोनदा, पण पेडल कुठेही असताना बसला तर त्या चक्राचा दात बघा. आणि दोनदाच, पण बरोबर पेडल आडवं असताना, तेही फक्त जोर लावल्यावर, तर सगळेच दात थोडेथोडे झिजलेत. जोर सगळ्यात जास्त तेव्हाच लागतो. मोजायला दोन मिनिटं लागतात, पण हे मोजून मग सायकल दुरुस्तीला नेणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आता आमच्या हॉस्टेलमधली एक केस. एका ज्युनिअरने आपल्या १२ गिअरच्या सायकलला नवीन चेन बसवून घेतली आणि त्याच दिवसापासून मधल्या तीन चक्रांवर चेन उडायला लागली. जुनी चेन कधी उडत नव्हती. त्याचा निष्कर्ष सरळ होता: नवीन चेन खराब. दुकानदाराने केबल आवळली, डिरेल्युअरचे स्क्रू फिरवले आणि तेलही घातलं. तीन गोष्टी एकदम बदलल्या. थोडं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. नेमक्या कशाने बरं वाटलं होतं, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

‘चेन ताणली जाते’ असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजतो, आणि एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं १२.७ मिमी अंतर हळूहळू वाढतं. वाढलेल्या अंतराची चेन दातांना आपल्या मापाने घासत जाते. जुनी चेन आणि जुनी चक्रं एकमेकांना सरावलेली, म्हणून त्यांचं जमतं. नवीन चेन मूळ मापाची. तिचे रोलर झिजलेल्या दातांच्या उतारावर टेकतात आणि जोर आला की वर चढून निसटतात. म्हणजे बिघाड महिनोन्महिने होता, नवीन चेनने तो फक्त उघडा पाडला.

आम्ही जुनी चेन परत बसवली. घसरणं थांबलं. पण एवढ्यावर कॅसेट दोषी ठरत नाही, आणि कंट्रोल वापरताना इथेच घाई होते. नवीन चेन चुकीच्या रुंदीची असती किंवा तिचा जोड ताठ असता, तरी जुनी बसवल्यावर घसरणं थांबलंच असतं. ते दोन पर्याय लयीने बाद झाले. झटका ३.६ फेऱ्यांनी येत नव्हता, म्हणजे जोड ठीक. चुकीच्या रुंदीचा त्रास सगळ्याच गिअरमध्ये कमीअधिक जाणवला असता. इथे तो फक्त रोजच्या वापरातल्या तीन चक्रांवर होता, तोही जोर लावल्यावरच.

मग जुनी चेन मोजली. ११ आणि १२ गिअरच्या चेनला ०.५ टक्के वाढ ही बदलायची मर्यादा मानतात. नेहमीची पद्धत म्हणजे २४ कड्यांवर फूटपट्टी लावणे. नवीन चेनमध्ये ते अंतर ३०४.८ मिमी भरतं, आणि ०.५ टक्के म्हणजे त्यावर फक्त दीड मिमी. मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, तिरका डोळा, तेलकट पिना, यात एक मिमीची चूक सहज होते. ज्या आकड्यावर निर्णय घ्यायचा तोच मोजमापाच्या त्रुटीत बुडतो. उपाय सोपा आहे. चेन काढून खिळ्याला टांगा आणि १०० कड्या मोजा. नवीन असती तर १२७० मिमी, मर्यादा त्यावर ६.३५ मिमी. आता एक मिमी इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. या चेनची वाढ ९ मिमी निघाली, म्हणजे ०.७ टक्के. मर्यादा कधीच ओलांडली होती.

एक शक्यता उरली होती. मागच्या डिरेल्युअरचा हँगर वाकला असता तरी काही चक्रांवरच त्रास झाला असता. सायकल उजव्या बाजूवर पडली किंवा एसटीच्या टपावरून आणली की हे सर्रास होतं. पण हँगर वाकल्यावर एका टोकाचे गिअर जुळवले की दुसऱ्या टोकाचे बिघडतात, जोर लावा अथवा लावू नका, आणि मागून पाहिलं तर डिरेल्युअरचा पिंजरा चक्रांशी तिरका दिसतो. इथे दोन्ही नव्हतं.

त्याच्यापुढे दोन रस्ते होते. कॅसेट आत्ताच बदलायची, किंवा जुनी चेन जुन्या कॅसेटवर पूर्ण संपेपर्यंत चालवायची आणि मग दोन्ही एकदम घ्यायचं. ‘नवीन चेनच चालवत राहा, बसेल हळूहळू’ हा सल्ला त्याला दोघांनी दिला होता. किंचित घसरण असेल तर कधीकधी बसतेही, पण तोवर टेकडीच्या चढावर उभं राहून पेडल मारायचं नाही, हे त्याच्याकडून होणार नव्हतं. त्याने जुनी चेन ठेवली. नवीन चेन तेल लावून पिशवीत बंद आहे, आणि चेनरिंगच्या दातांवर त्याचं आता दर रविवारी लक्ष असतं, कारण ही झिजलेली चेन तेही खाणार आहे.