गिनी कोंबडी शेतावर टिकवायची तर

गिनी कोंबडी विकणारा माणूस तिचे गुण भराभर सांगतो. मानमोडीला ती सहसा दाद देत नाही. नाकतोडे, वाळवी, गोचिडी टिपून खाते, त्यामुळे खाद्याचा खर्च कमी. शिवाय परका माणूस किंवा मुंगूस दिसले की असा गिल्ला करते की झोपलेल्या कुत्र्यालाही उठावे लागते. यातले बहुतेक खरे आहे. तो सांगत नाही ते एवढेच, की मोठे पक्षी आणून दुसऱ्या दिवशी मोकळे सोडले, तर तिसऱ्या दिवशी त्यांच्या शोधात शेजाऱ्यांची शेते पालथी घालावी लागतात.

त्यात तिचा दोष नाही. ती मूळची सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतली, उघड्या माळांवरची. ग्रीक-रोमन लोकांनी तिला दोन हजार वर्षांपूर्वीच पाळले होते. मेलिआगर नावाच्या वीराच्या मृत्यूनंतर शोक करणाऱ्या त्याच्या बहिणींचे हे पक्षी झाले आणि पिसांवरचे पांढरे ठिपके म्हणजे त्यांची आसवे, अशी ग्रीक कथा आहे. इतकी जुनी ओळख असूनही माणसाशी तिचे सूत गावरान कोंबडीइतके जमले नाही. रानात गिनींचा थवा सकाळी निघतो, एकामागे एक रांग धरून पाण्यावर जातो, दिवसभर चालत चरतो आणि अंधार पडायच्या आत झाडावर चढतो. तुमच्या शेताची हद्द कुठे संपते हे तिच्या गावीही नसते. आपला थवा कुठे आहे आणि रात्र कुठे काढायची, एवढेच तिला पक्के ठाऊक असते. तिला शेतावर टिकवायचे ते याच दोन धाग्यांवर.

म्हणून सुरुवात पिल्लांपासून करावी. मोठ्या पक्ष्याच्या डोक्यात आधीचे घर पक्के बसलेले असते, ते पुसणे अवघड. सर्वांत सोपा मार्ग आपल्याकडे आयताच आहे, तो म्हणजे खुडूक झालेली गावरान कोंबडी. तिच्याखाली गिनीची अंडी ठेवावीत. फक्त तिला २१ ऐवजी २६ ते २८ दिवस बसावे लागते, म्हणून निवांत, अंड्यांवरून न उठणारी कोंबडी निवडावी. तिच्यामागे फिरलेली पिल्ले तिच्यामागेच खुराड्यात शिरायला शिकतात आणि ती सवय पुढेही बरीचशी टिकते. स्वतः गिनी मादी मात्र आई म्हणून बेभरवशाची. दवाने भिजलेल्या गवतातून ती पिल्लांना खुशाल फिरवते, आणि भिजलेले पिल्लू गारठून मरते.

विकत आणलेली पिल्ले असोत की मोठे पक्षी, शेडमध्ये कोंडून ठेवण्याचा काळ टाळता येत नाही. निदान सहा आठवडे, मोठ्यांसाठी त्याहूनही जास्त. लोक इथेच घाई करतात. शेडची एक बाजू जाळीची ठेवावी, म्हणजे आत बसूनही त्यांना विहीर, गोठा, झाडे आणि येणारी-जाणारी माणसे दिसत राहतात. बसायला आडव्या काठ्या जमिनीपासून चांगल्या उंच बांधाव्यात. शेडमध्ये उंच जागा मिळाली नाही, तर ती बाहेरच्या आंब्यावर शोधली जाते.

सोडायची वेळ आली तरी सगळ्यांना एकदम सोडू नये. आधी दोन-तीनच पक्षी बाहेर काढावेत. आतले ओरडत राहतात, बाहेरचे त्यांना सोडून दूर जात नाहीत, जाळीभोवतीच घुटमळतात. काही दिवसांनी आणखी दोन सोडावेत. थव्याची ओढ कोणत्याही कुंपणापेक्षा भक्कम असते. त्यामुळे एकटी गिनी किंवा एखादी जोडी आणणे म्हणजे पैसे पाण्यात; निदान सहा-आठ तरी हव्यात.

कुंपणाबद्दल बोलायचे तर पाच-सहा फुटी जाळी त्या सहज उडून ओलांडतात. गंमत पुढे आहे. परत येताना उडायचे त्यांना सुचत नाही. थवा आत, एक पक्षी बाहेर आणि तो बिचारा जाळीला घासत तासभर येरझाऱ्या घालतो. एका बाजूच्या पंखाची लांब पिसे कापली तर उड्डाण आटोक्यात राहते, पण पिसे झडून नवी आली की पुन्हा तेच. शिवाय पंख कापलेली गिनी कुत्र्याच्या किंवा रानमांजराच्या तोंडून सुटत नाही. मला हा उपाय पटत नाही.

त्यापेक्षा संध्याकाळ सांभाळावी. पोटभर दाणे सकाळी घालू नयेत. ते दिवेलागणीच्या आधी, शेडच्या आत, रोज त्याच वेळी आणि त्याच हाकेने द्यावेत. बाजरी किंवा राळा त्यांना फार आवडतो. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गिनी काळोख्या शेडमध्ये पाय टाकायला कचरते. आत एक छोटा बल्ब लावून ठेवला की बाहेर घुटमळणाऱ्या बिनबोभाट आत येतात. दार लावल्यावर मोजणी करावी, कारण बाहेर राहिलेली गिनी झाडावर बसते आणि तिथे घुबड तिची वाट पाहत असते.

हे सगळे नीट जमले तरी मार्चनंतर घडी विस्कटते. साधारण मार्च-एप्रिल ते सप्टेंबर हा आपल्याकडचा अंड्यांचा हंगाम. थवा फुटून जोड्या होतात. माद्या तुरीत, उसाच्या कडेला, घाणेरीच्या जाळीत चोरून घरटे करतात. कित्येकदा तीन-चार जणी मिळून एकाच खळग्यात अंडी घालतात, आणि ढीग पुरेसा झाला की त्यातली एखादी रात्रीही तिथेच बसून राहते. हंगामात थव्याला दुपारपर्यंत शेडमध्ये ठेवले तर बरीच अंडी आतच पडतात. बाहेरचे घरटे सापडलेच, तर सगळी अंडी उचलू नयेत. चार-पाच मागे ठेवावीत, नाहीतर मादी जागा बदलते आणि शोध पुन्हा पहिल्यापासून.

बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी हे गिनीचे वाण तयार केले आहेत. वाण कोणताही घ्या, भटकण्याची खोड सगळ्यांत सारखीच.

तेव्हा पाच-सात एकर सलग रान असेल आणि रोज संध्याकाळी शेडपाशी हजर राहणारे कुणी असेल, तरच गिनी पाळावी. शेत डांबरी रस्त्याला लागून असेल किंवा बांधापलीकडे दुसऱ्याची भाजी, पेरलेले वाफे असतील, तर गावरान कोंबडीच बरी. शेजाऱ्याशी तंटा करून खावे इतके काही गिनीचे अंडे मोठे नसते.