लाट ओसरेपर्यंत…

‘फारच मनाला लावून घेतेस बाई तू!’ हे वाक्य मी माहेरी ऐकलं, सासरीही ऐकलं. नवऱ्याचा फोन लागला नाही की वाटायचं, हा आता मला सोडून जाणार. सकाळी जी जाऊ सख्ख्या बहिणीसारखी, तीच संध्याकाळी वैरीण! अन् मधल्या वेळात आतून सगळं रितं रितं. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. हे नखरे नव्हेत, संस्कार कमी पडले असंही नव्हे आणि बाहेरची बाधा तर नव्हेच. भावनेचा भडका पटकन उडतो आणि विझायला वेळ लागतो, असा हा आजार.

त्यावर ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ ही उपचारपद्धती तयार केली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहॅन यांनी. १९६१ मध्ये, १७ व्या वर्षी आपण स्वतःच मनोरुग्णालयात दाखल होतो, हे त्यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं. हे कळलं तेव्हा मला केवढा धीर आला!

त्यातलं घरात जमेल तेवढं मी उचललं. पहिलं म्हणजे थांबायचं. भडका उडाला की फोन लांब ठेवायचा. उत्तर, भांडण, निर्णय सगळं नंतर. मग पातेल्यात माठातलं गार पाणी घेऊन, श्वास रोखून त्यात काही सेकंद चेहरा बुडवायचा. त्यानं हृदयाचे ठोके मंदावतात, जीव थाऱ्यावर येतो. (हृदयविकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.)

दुसरं, घटना आणि अर्थ वेगळे निवडायचे, तांदळातले खडे निवडावेत तसे. ‘फोन लागला नाही’ ही घटना. ‘मी नकोशी झाले’ हा मी लावलेला अर्थ. तिसरं, दार लावून बसावंसं वाटलं की मुद्दाम उठून ओसरीत चारचौघांत येऊन बसायचं.

जागरण आणि कडक उपास यांनी माझा तोल लवकर जातो, म्हणून झोप आणि जेवण वेळेवर. रोज रात्री कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, त्या दिवशीच्या त्रासाला ० ते ५ पैकी आकडा देते. महिन्याकाठी बघितलं की कळतं, कशानं बिघडतं ते.

घरच्यांना मी शांत असतानाच सांगून ठेवलंय, ‘त्या वेळी समजावू नका, नुसते शेजारी बसा. अर्ध्या तासानं बोलू.’

मैत्रिणींनो, हे उपचारांच्या जोडीला, उपचारांऐवजी नव्हे. स्वतःला इजा करावी, जीव द्यावा असं मनात आलं तर एकटीनं झुंजू नका. घरात कुणाला तरी सांगा किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या नंबरावर फोन करा. २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

लाटा अजूनही येतात. पण लाट कितीही मोठी असली तरी ओसरते, आणि तोवर काय करायचं हे आता मला ठाऊक आहे.