मोटारीचे नवे टायर : पुढे की मागे?

सिल्लोड तालुक्यातील पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारी आता ट्रॅक्टरच्या जोडीला मोटारही उभी असते. बाजार, दवाखाना, कचेरी अशा कामांसाठी छत्रपती संभाजीनगरास किंवा घाट उतरून जळगावास जाणे नित्याचे झाले आहे. इंजीन बिघडले म्हणजे मालक तत्काळ मिस्त्रीकडे जातो. पण रस्त्याशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो त्या टायरांकडे मात्र ते पंक्चर होईपर्यंत कोणी पाहत नाही. चारांपैकी दोनच टायर नवे घ्यावयाचे झाले, तर ते कोठे बसवावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. तथापि भर पावसात अजिंठ्याचा घाट उतरताना घरच्या माणसांचे प्राण त्यावर अवलंबून असतात.

पूर्वीच्या ॲम्बॅसडर व फियाट या गाड्यांत इंजिनाची ओढ मागील चाकांस मिळे. १९८३ साली मारुती ८०० निघाली. तिच्यात पुढील चाकेच गाडी ओढतात, व आज बहुतेक लहान मोटारींची रचना अशीच असते. अशा गाडीत इंजिनाचे वजन पुढच्या आखावर, ओढण्याचे व वळण्याचे काम पुढच्या चाकांकडे, आणि ब्रेक दाबला असता भार पुढे झुकत असल्यामुळे थांबविण्याचे बहुतेक कामही त्यांच्याकडेच. ज्या बैलावर अधिक भार पडतो त्याचाच खांदा आधी सुजतो. त्याप्रमाणे येथे पुढील टायर आधी झिजतात.

यावरून पुष्कळांचा असा समज होतो की, काम पुढे आहे, तेव्हा नवे टायरही पुढेच हवेत. हा तर्क सरळ दिसला तरी बरोबर नाही. टायरावरील खाचांचे काम पाणी बाजूस काढून देण्याचे आहे. खाचा उथळ झाल्या म्हणजे वेगात टायराखाली पाण्याचा थर साचतो व टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. पुढची चाके अशी सुटली तर गाडी वळणावर न वळता बाहेरच्या बाजूस जाऊ लागते. परंतु चालकास ते स्टिअरिंगवर जाणवते, व ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू उचलला की पकड बहुधा परत येते. मागची चाके सुटली तर फारशी सूचना न मिळताच गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते व गाडी स्वतःभोवती फिरते. घाबरून ब्रेक दाबावा, तर भार पुढे जाऊन मागची पकड अधिकच सुटते. उतारावर तर भार आधीच पुढे झुकलेला असतो.

यास्तव दोनच नवे टायर घेतले असतील, तर ते मागील आखावर बसवावेत व मागचे चांगले टायर पुढे आणावेत. ओढ पुढील चाकांस असो वा मागील, टायर बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा सल्ला हाच आहे.

पुढचे टायर जुने राहिले तर काळ्या मातीच्या शेतरस्त्यात गाडी रुतेल, असा आक्षेप कोणी घेईल. तो खोटा नव्हे. पण चिखलात रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून काढता येते. घाटात फिरलेल्या गाडीस तो उपाय नाही. खरा मार्ग हा की, चारही टायर सारखे झिजतील अशी व्यवस्था ठेवावी. दर ८ ते १० हजार किलोमीटरांनी पुढील दोन टायर त्याच बाजूने सरळ मागे न्यावेत, आणि मागचा डावा पुढे उजवीकडे व मागचा उजवा पुढे डावीकडे आणावा. टायराच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असेल, तर मात्र बाजू न बदलता केवळ पुढचे मागे व मागचे पुढे करावेत. असे केल्याने चारही टायर एकदमच बदलण्यास येतात व पुढे की मागे हा वादच उरत नाही.

तथापि चाकेच तिरपी चालत असतील तर या अदलाबदलीचा लाभ थोडा. चाकांचे कोन कंपनीने ठरविलेल्या मापास आणणे यासच अलाइनमेंट म्हणतात. समजा, सुमारे ६०० मिलिमीटर व्यासाच्या पुढील दोन चाकांच्या पुढच्या कडांमधील अंतर मागच्या कडांमधील अंतराच्या मानाने ठरल्या मापाहून ६ मिलिमीटर कमी भरले. म्हणजे प्रत्येक चाक ३ मिलिमीटर तिरपे झाले. असे चाक एक किलोमीटर चालताना सुमारे ५ मीटर आडवे घासते. सिल्लोडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६५ किलोमीटर धरले, तर एका खेपेत हे घासणे सव्वातीनशे मीटर होते!

हा दोष ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूस ओढते; स्टिअरिंग वाकडे धरल्यावाचून ती सरळ जात नाही; टायराची एकच कड झिजते; टायरावरून आडवा तळहात फिरविला असता एका दिशेने तो गुळगुळीत व उलट दिशेने धारदार लागतो. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, आणि मधला भाग झिजला असेल तर हवा अधिक, असे समजावे. वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर प्रथम चाकांचे बॅलन्सिंग तपासावे. ते काम वेगळे आहे. गाडी मोठ्या खड्ड्यात आदळल्यावर अथवा टाय रॉड बदलल्यावर अलाइनमेंट अवश्य करावे. मात्र त्याआधी सर्व सांधे तपासून घ्यावेत, कारण सैल सांध्यावर साधलेले माप टिकत नाही.

खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी लहान आडव्या पट्ट्या असतात. टायर झिजून त्या पट्ट्यांच्या पातळीस आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली व तो टायर रस्त्यावर ठेवण्याजोगा राहिला नाही. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आपण तिफण व पाभर तपासून ठेवतो. त्याच वेळी स्टेपनीसह पाचही टायरांच्या खाचा व हवा पाहून घेतल्यास फारसा खर्च न होता पावसाळ्याचा प्रवास पुष्कळच सुरक्षित होईल.